खाऱ्या पाण्याचं वजन

१९८७ साली अमेरिकेतल्या 'नॅचरल हिस्टरी' मासिकात एक चित्र छापून आलं. जगाचा नकाशा आणि त्यावर सगळ्या महासागरांतून फिरणारी एकच रुंद फीत. उत्तर अटलांटिकमध्ये, ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास ही फीत बुडी मारते, खोलातून दक्षिणेकडं जाते, अंटार्क्टिकाच्या बाजूनं पूर्वेला वळते, हिंदी आणि प्रशांत महासागरांत वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा अटलांटिककडं परतते. चित्र काढलं होतं जो ले मॉनिए या चित्रकारानं. कल्पना वॉलेस ब्रोकर या भूरसायनशास्त्रज्ञाची. तेव्हापासून हे चित्र पाठ्यपुस्तकांत, माहितीपटांत, संग्रहालयांच्या भिंतींवर इतक्या वेळा येऊन गेलंय, की ते कधीच पाहिलं नाही असा विज्ञानाचा वाचक सापडणं कठीण. त्याचं नावही सोपं आहे: 'कन्व्हेयर बेल्ट', म्हणजे कारखान्यातला सरकता पट्टा.

समुद्र असा एका पट्ट्यानं वाहत नाही. सागरप्रवाहांचे अभ्यासक हे पहिल्या दिवसापासून सांगत होते, आणि चित्र फार सोपं करून काढलंय हे खुद्द ब्रोकरनाही मान्य होतं. त्या चित्रामागचा प्रश्न मात्र अजून कुणाला बाजूला सारता आलेला नाही. पृथ्वीचं हवामान बदलतं ते हळूहळू सरकत, की एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारत? गंमत अशी, की हा प्रश्न ब्रोकरना नेमका सुचला तो काही अंशी चुकीच्या आकड्यांवरून. ती हकीकत पुढं येईलच. आधी माणूस.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या कड्यावर टॉमस लॅमाँट नावाच्या बँकरची इस्टेट होती. त्यांच्या मागं पत्नीनं ती कोलंबिया विद्यापीठाला देऊन टाकली आणि १९४९ मध्ये तिथं भूशास्त्राची वेधशाळा सुरू झाली. बंगल्याच्या खोल्या विषयवार वाटल्या गेल्या, आणि रसायनवाल्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. १९५२ च्या उन्हाळ्यात वीस वर्षांचा वॉली ब्रोकर इथं सुट्टीतलं काम करायला आला. शिकागोजवळच्या ओक पार्कमधलं कर्मठ ख्रिस्ती घर, शिक्षणही तशाच वळणाच्या व्हीटन कॉलेजात. अशा घरातला मुलगा ज्या प्रयोगशाळेत आला, तिचं कामच मुळी पृथ्वीवरच्या वस्तूंची वयं मोजण्याचं होतं. शेल, लाकूड, कोळसा यांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजायचा आणि वस्तू किती जुनी ते सांगायचं. ब्रोकर आले ते सदुसष्ट वर्षं तिथून हलले नाहीत. त्यांना डिस्लेक्सिया होता. टंकलेखन ते कधी शिकले नाहीत, संगणकाच्या वाटेला गेले नाहीत. सुमारे पाचशे शोधनिबंध त्यांनी पेन्सिलीनं कागदावर लिहिले; ते टंकण्याचं काम इतरांचं.

त्यांना प्रयोगशाळेबाहेर काढलं ते फिल ऑर नावाच्या एका पुरातत्त्वज्ञानं. भौतिकशास्त्र तुला येतं, पृथ्वीबद्दल काही येत नाही, तर तीन आठवडे माझ्याबरोबर चल, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवून ऑर त्यांना नेवाडाच्या वाळवंटात घेऊन गेले. आज तिथं पिरॅमिड लेक नावाचं एक खारट तळं आहे. पण त्याच्या काठच्या डोंगरांवर खूप उंचावर चुनखडीच्या पुटांचे आडवे पट्टे दिसतात. एके काळी पाणी तिथवर होतं, याच्या त्या खुणा. पुटांचं वय काढलं तेव्हा दिसलं, की हे अवाढव्य सरोवर सुमारे ११,००० वर्षांपूर्वी झपाट्यानं आटलं. (हे वय कार्बनच्या घड्याळातलं. ते घड्याळ त्या काळासाठी थोडं मागं चालतं. खरी वर्षं त्याहून जास्त भरतात.)

इकडे लॅमाँटमध्ये समुद्राच्या गाळाचे ढीग साठत होते. संस्थेचे प्रमुख मॉरिस यूइंग यांचा दंडक होता: जहाज कुठंही असो, रोज एक नमुना निघालाच पाहिजे. 'व्हेमा' ही त्यांची तीन डोलकाठ्यांची जुनी नौका जगभर फिरायची. वजन लावलेली पोकळ पोलादी नळी दोरानं खाली सोडायची, ती तळात घुसवायची आणि आत अडकलेला गाळाचा लांबलचक दांडा तसाच वर ओढायचा. वरचं टोक आजचं, खालचं टोक हजारो वर्षांपूर्वीचं. अटलांटिकच्या अशा दांड्यांतसुद्धा ब्रोकरना तोच ११,००० चा आकडा भेटला. थंड पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं एका पातळीवर संपत होती आणि उबदार पाण्यातल्यांची सुरू होत होती. १९६० मध्ये यूइंग आणि ब्रूस हीझन यांच्यासह त्यांनी निबंध लिहिला: हिमयुगाकडून आजच्या हवामानाकडं झालेला बदल हजार वर्षांच्या आत उरकला होता.

त्या काळात हे पचनी पडण्यासारखं नव्हतं. हिमयुगं येतात-जातात ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या बदलांमुळं, हा मिलुतिन मिलानकोविच यांचा सिद्धांत. त्याच्या बाजूनं भक्कम पुरावा उभा करणाऱ्यांतही ब्रोकरच होते. बार्बाडोस बेटावरच्या प्रवाळांच्या पायऱ्यांची वयं त्यांच्या गटानं काढली, ती ८२,०००, १,०५,००० आणि १,२५,००० वर्षं भरली, आणि मिलानकोविच यांच्या गणिताशी बरोबर जुळली. पण कक्षेचे हे बदल हजारो वर्षांत होतात. त्यांच्या संथ चालीतून हजार वर्षांच्या आतला झटका कसा निघावा? उत्तर नव्हतं. निबंध छापला गेला, आणि पंचवीस वर्षं तो झटका तसाच पडून राहिला.

मधल्या काळात ब्रोकर समुद्राचं पाणी मोजत होते. १९७० च्या दशकात 'जिओसेक्स' या मोहिमेनं अटलांटिक, प्रशांत आणि शेवटी हिंदी महासागर पालथा घातला. काम कंटाळवाणं आणि ओझ्याचं. किरणोत्सारी कार्बनच्या एका मोजणीसाठी दोनशे लिटरहून जास्त पाणी लागायचं, म्हणून पिंपाएवढी भांडी कित्येक किलोमीटर खोल सोडायची, ठरल्या खोलीवर झाकण बंद करायचं, वर ओढायचं, डेकवरच त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करून बाटलीबंद करायचा, आणि पुढच्या ठिकाणी तेच. पण यातून एक गोष्ट निघाली जी होकायंत्रानं आणि वेगमापकानं कधी निघाली नसती: पाण्याचं वय. एखादं पाणी शेवटचं हवेच्या संपर्कात कधी आलं होतं, ते त्यातला उरलेला कार्बन सांगतो. खोल अटलांटिकचं पाणी काही शतकांपूर्वी बुडालेलं. उत्तर प्रशांतच्या तळाचं पाणी मात्र कार्बनच्या हिशोबानं जवळजवळ दोन हजार वर्षांचं.

दुसरा साक्षीदार अणुबॉम्बनं दिला. पन्नास-साठच्या दशकांतल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी हवेत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, सोडलं होतं. ते पावसाबरोबर समुद्रावर पडलं. १९७२ मध्ये पाहिलं तेव्हा प्रशांतमध्ये ते वरच्या काही शे मीटरांतच घुटमळत होतं, पण उत्तर अटलांटिकमध्ये कित्येक किलोमीटर खोल पोचलं होतं. म्हणजे तिथं पृष्ठभागावरचं पाणी दहा-वीस वर्षांतच तळाकडं जात होतं. युद्धखोरीतून निघालेली एवढी उपयोगी शाई दुसरी नसेल.

अटलांटिकमध्येच पाणी का बुडतं? कारण मिठात आहे. उत्तर अटलांटिकच्या पृष्ठभागाच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, उत्तर प्रशांतमध्ये ३३ च्या आसपास. फरक दोन ग्रॅमचा, पण समुद्राचा व्यवहार यावरच ठरतो. पाणी थंड झालं की जड होतं, खारट असेल तर आणखी जड. अटलांटिकचं पाणी उत्तरेला जाऊन हिवाळी वाऱ्यांना ऊब देत गार होतं आणि शेवटी खालच्या पाण्याहून जड होऊन बुडतं. प्रशांतचं पाणी गोठायला आलं तरी तेवढं जड होत नाही. ते वरच राहतं. आणि अटलांटिक जास्त खारट का? उष्ण कटिबंधातले व्यापारी वारे अटलांटिकवरची वाफ उचलतात आणि मध्य अमेरिकेची चिंचोळी पट्टी ओलांडून प्रशांतवर पाऊस पाडतात. पश्चिमेकडून परत येऊ पाहणारी वाफ रॉकी आणि अँडीज पर्वत अडवतात. वाफ जाते, मीठ मागं राहतं.

आता मेख अशी, की हे चक्र स्वतःलाच पोसतं. पाणी उत्तरेला बुडतं म्हणून दक्षिणेकडून खारट पाणी ओढलं जातं, आणि खारट पाणी आल्यामुळंच तिथं पाणी बुडतं. हे एकदा चालू असलं की चालू राहतं. पण उत्तरेला एकाएकी भरपूर गोडं पाणी ओतलं तर वरचा थर हलका होईल, बुडणं थांबेल, खारट पाणी येणं थांबेल, आणि मग बंद पडलेलं चक्र बंदच राहील. हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्येच दोन डब्यांचं साधं गणित मांडून हे दाखवलं होतं: तेच तापमान, तोच पाऊस, तरी प्रवाहाच्या दोन वेगवेगळ्या स्थिर अवस्था शक्य आहेत. छोटासा निबंध होता. वीस-पंचवीस वर्षं त्याच्याकडं फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

हे सगळे तुकडे जुळले ते १९८४ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये. तिथले भौतिकशास्त्रज्ञ हान्स ओश्गर व्याख्यान देत होते. दक्षिण ग्रीनलंडमध्ये 'डाय ३' नावाच्या अमेरिकी रडारतळापाशी दोन किलोमीटरहून खोल बर्फ छेदून नमुना काढला होता. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जुनी तापमानं काढली होती. आलेखात हिमयुगाच्या मधोमध तापमान एकाएकी चढत होतं, काही शतकं वर राहत होतं, पुन्हा कोसळत होतं. असं एकदा नव्हे, अनेकदा. हवामान दोन अवस्थांमध्ये हेलकावे खात असावं, असं ओश्गर म्हणाले. त्यांच्या आलेखात आणखी एक गोष्ट होती. बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमधला कार्बन डायऑक्साइडही तापमानाबरोबर तसाच उड्या मारत होता.

श्रोत्यांत ब्रोकर होते. कार्बन डायऑक्साइड इतक्या पटकन बदलायचा तर त्यात समुद्राचा हात असणारच. आणि समुद्रात एखादी कळ चालू-बंद होत असेल तर ती उत्तर अटलांटिकमधलं बुडणारं पाणी. १९८५ मध्ये डोरोथी पीटीट आणि डेव्हिड रिंड यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच प्रश्न होता: समुद्र आणि वातावरण मिळून एकापेक्षा जास्त स्थिर पद्धतींनी चालू शकतात का?

पुढं कळलं, की कार्बन डायऑक्साइडच्या त्या उड्या खऱ्या नव्हत्याच. ग्रीनलंडच्या बर्फात धूळ जास्त. धुळीतला चुना आणि बर्फातलं आम्ल यांच्या अभिक्रियेतून तो वायू बर्फाच्या आतच तयार झाला होता. अंटार्क्टिकाच्या स्वच्छ बर्फात अशा उड्या दिसल्या नाहीत. ज्या दोऱ्यावरून ब्रोकर समुद्रापर्यंत पोचले तो दोराच तुटला. पण तापमानाच्या उड्या खऱ्या निघाल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीनलंडच्या मध्यावर दोन नवी छिद्रं पाडली गेली, एक युरोपीय गटाचं आणि एक अमेरिकी, आणि दोन्हींनी त्याच उड्या पुन्हा दाखवल्या. काही ठिकाणी सुमारे दहा अंशांची वाढ काही दशकांत, कदाचित त्याहूनही लवकर झालेली. १९६० चा जुना झटका आता एकटा राहिला नव्हता.

त्या झटक्याच्या आधी एक विचित्र उलटापालट झाली होती. हिमयुग संपत आलेलं, युरोप तापायला लागलेला, आणि सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी अचानक थंडी परतली. स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांच्या गाळात त्या काळात ड्रायस नावाचं पांढरं, आठ पाकळ्यांचं, बर्फाळ माळावरचं रोप पुन्हा दिसू लागतं. त्यावरून या काळाचं नाव 'यंगर ड्रायस' पडलं. ही थंडी बाराशे वर्षं टिकली आणि ११,७०० वर्षांपूर्वी एकाएकी उठली. ब्रोकर यांचं उत्तर असं: उत्तर अमेरिकेवरच्या वितळत्या हिमचादरीच्या कडेला आगासी नावाचं प्रचंड सरोवर साचलं होतं. त्याचं पाणी मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात जायचं. बर्फ मागं सरला, पूर्वेची वाट मोकळी झाली, आणि ते गोडं पाणी सेंट लॉरेन्सच्या दरीतून थेट उत्तर अटलांटिकवर कोसळलं. कळ बंद झाली.

पुराची कल्पना धारदार होती, पण भूशास्त्रज्ञ शोधायला निघाले तेव्हा पुराच्या खुणा मिळेनात. सुपीरियर सरोवराच्या परिसरात योग्य वयाचा, एवढा लोंढा वाहून गेल्याचा मार्गच सापडेना. २००६ मध्ये ब्रोकरनी स्वतःच 'सायन्स'मध्ये प्रश्न टाकला: यंगर ड्रायस खरंच पुरामुळं सुरू झाला का? चार वर्षांनी दुसऱ्या एका गटानं पुराच्या खुणा शोधल्या, त्या कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, आर्क्टिककडं वाहणाऱ्या मॅकेन्झी नदीच्या मुखाशी. वाद अजून पुरता मिटलेला नाही. आपलाच सिद्धांत छापील स्वरूपात उखडायला निघणारा माणूस मला तो सिद्धांत मांडणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो, हे सांगून टाकतो.

गोड्या पाण्याचा दुसरा पुरावा दगडांतून आला. जर्मन भूशास्त्रज्ञ हार्टमुट हाइनरिश यांना ईशान्य अटलांटिकच्या गाळात ठरावीक पातळ्यांवर खडीचे थर सापडले. खोल समुद्रात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवर खडी आली कुठून? हिमनगांच्या पोटात बसून. हिमनग वितळले, दगड खाली पडले. १९८८ चा तो निबंध दुर्लक्षितच राहिला असता. ब्रोकरनी तो उचलून धरला आणि त्या प्रसंगांना हाइनरिश यांचं नाव दिलं. त्यांतल्या अनेक थरांमधली खडी कॅनडाकडच्या खडकांची निघाली. म्हणजे हिमचादरीचे लचके तुटून उत्तर अटलांटिक हिमनगांनी भरत होता, आणि तेवढं गोडं पाणी समुद्रात मिसळत होतं.

एवढं सगळं झालं तरी मुख्य प्रश्न शिल्लकच होता. त्या वेळी प्रवाह खरंच मंदावला होता का? हजारो वर्षांपूर्वीचा प्रवाह मोजणार कसा? याची युक्ती फार सुरेख आहे. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं आणि ते सगळीकडं जवळजवळ सारखं पसरलेलं असतं. त्याच्या विघटनातून थोरियम-२३० आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ ही दोन मूलद्रव्यं ठरलेल्या प्रमाणात तयार होतात. दोन्ही खाली पडणाऱ्या कणांना चिकटून तळाशी जातात. थोरियम उतावळं; वीस-चाळीस वर्षांत खाली. प्रोटॅक्टिनियम रेंगाळतं, शंभर-दोनशे वर्षं पाण्यातच राहतं, आणि तेवढ्यात प्रवाह त्याला दक्षिणेकडं ओढून नेतो. खळ्यात धान्य उफणताना जड दाणा पायाशी पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो, तसं. पायाशी भुसा किती उरला यावरून वारा किती होता ते सांगता येतं. वारा पडलेला असेल तर दाणा आणि भुसा दोन्ही एकाच ढिगात.

जेरी मॅकमॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या उंचवट्यावरून, साडेचार किलोमीटर खोलीवरून काढलेल्या गाळात प्रोटॅक्टिनियमचं थोरियमशी प्रमाण मोजलं. त्या ठिकाणी प्रवाह गाळ आणून टाकतो, त्यामुळं थर भराभर साचतात आणि शतकाशतकाचा हिशोब लागतो. प्रवाह अजिबात नसता तर प्रमाण ०.०९३ भरलं असतं. आजच्या काळातल्या गाळात ते बरंच कमी भरतं, कारण भुसा उडून जातोय. २००४ मध्ये निकाल छापून आला. सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी, हाइनरिशच्या खडीच्या शेवटच्या मोठ्या थराच्या वेळी, आकडा चढत चढत ०.०९३ जवळ पोचला होता. प्रवाह जवळजवळ थांबला होता. यंगर ड्रायसमध्ये तो थांबला नव्हता, पण चांगलाच मंदावला होता.

त्याच वर्षी हॉलिवूडनं 'द डे आफ्टर टुमारो' काढला. त्यात प्रवाह थांबतो आणि काही दिवसांत न्यूयॉर्क गोठून जातं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठीही एका अहवालात असंच चित्र रंगवलं गेलं होतं, आणि ब्रोकर त्यावर 'सायन्स'मध्ये तुटून पडले. हे सगळं मुळात त्यांच्याच कल्पनेचं अपत्य, पण त्यांचं मत तोवर बदललेलं होतं. जॉर्ज डेंटन, रिचर्ड ॲली आणि उद्योजक गॅरी कोमर यांच्याबरोबर त्यांनी पूर्व ग्रीनलंडमधल्या हिमनद्यांच्या खुणा तपासल्या. हिमनदी किती पसरते हे मुख्यत्वे उन्हाळ्यावर ठरतं, आणि खुणा सांगत होत्या की यंगर ड्रायसमधले उन्हाळे फारसे थंड नव्हते. मग बर्फातली ती भयंकर थंडी आली कुठून? हिवाळ्यातून. प्रवाह मंदावल्यावर उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात बर्फ पसरायचं, आणि समुद्रातली ऊब त्या झाकणाखाली अडकून पडायची. हिमयुगात असं झाकण पसरणं सोपं होतं. तापलेल्या जगात ते तितकं पसरणार नाही, म्हणून उडीही तितकी मोठी नसेल.

इतर टीकाकार याहून कडक होते. एमआयटीचे कार्ल वुन्श यांनी ठणकावून सांगितलं, की वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर गल्फ स्ट्रीमला धोका नाही; समुद्र हलवणारी ऊर्जा वाऱ्यातून आणि भरती-ओहोटीतून येते, पाण्याच्या वजनातून नव्हे. २००९ मध्ये एमी बॉवर आणि सुझन लोझियर यांच्या गटानं लॅब्राडोर समुद्राबाहेर खोल पाण्यात सोडलेल्या तरंगयंत्रांचा हिशोब दिला. पाठ्यपुस्तकांत दाखवलेल्या पश्चिम काठाच्या वाटेनं गेलेली यंत्रं जेमतेम ८ टक्के. बाकीच्यांतली बहुतेक भोवऱ्यांत सापडून महासागराच्या मध्यात पांगली. आणखी दहा वर्षांनी लोझियर यांच्याच नेतृत्वाखालच्या मोजणीनं दाखवलं, की पाणी बुडण्याचा मोठा भाग लॅब्राडोर समुद्रात नसून ग्रीनलंडच्या पूर्वेला आहे. फितीचं चित्र त्यानंतर फार उरलं नाही.

पण पाणी वरून उत्तरेला जाऊन खालून परततं ही उलाढाल खरी आहे, आणि ती आता रोज मोजली जाते. २००४ पासून साडेसव्वीस अंश उत्तर अक्षांशावर बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत यंत्रांच्या माळा तळाला नांगरून उभ्या आहेत. पश्चिमेला फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत तर एक जुनी टेलिफोन केबलच कामाला लावली गेली. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहिलं की केबलमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो, आणि त्यावरून प्रवाह कळतो. उत्तरेकडं जाऊन खालून परतणारं पाणी सरासरीनं सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर आहे. जगातल्या सगळ्या नद्या मिळून याच्या दहावा भागही वाहत नाहीत. २००९-१० च्या हिवाळ्यात तो आकडा सुमारे ३० टक्क्यांनी घसरला आणि पुन्हा सावरला. अशा हेलकाव्यांमुळं वीस वर्षांची मोजणी फार लांबचं सांगायला पुरत नाही. आंतरसरकारी हवामान मंडळाचा २०२१ चा अहवाल म्हणतो, की या शतकात ही उलाढाल मंदावणं बहुतेक नक्की आहे, पण २१०० च्या आत ती एकदम कोसळणार नाही असं मध्यम खात्रीनं म्हणता येतं. २०२३ मध्ये पेटर आणि सुझान डिटलेव्हसेन या डॅनिश भावंडांनी कोसळण्याचा काळ २०२५ ते २०९५ च्या दरम्यान सांगितला, आणि त्यांच्या गणितावर लगेच झोड उठली. तळावरची ही यंत्रं अशीच राखायला हवीत, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंत वाद नाही.

ही सगळी उठाठेव अटलांटिकची, असं कुणी म्हणेल. पण १९९८ मध्ये हार्टमुट शुल्झ, उलरिख फॉन राड आणि हेल्मुट एर्लेनकॉइझर यांनी अरबी समुद्राच्या, कराचीबाहेरच्या उतारावरचा गाळ उलगडला. १,१०,००० वर्षांचा. त्यात दोन प्रकारचे थर आलटून पालटून येतात. एक काळसर, सेंद्रिय द्रव्यानं भरलेला, केसासारख्या बारीक पट्ट्यांचा. दुसरा फिकट, घुसळलेला, पट्टे पुसलेला. कारण असं: मोसमी वारा जोरात असला की खालचं पोषक पाणी वर येतं, प्लवक माजतात, मरतात, कुजतात आणि खोलातला ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन नाही तर तळात बिळं करणारे किडे नाहीत, म्हणून पट्टे शाबूत. वारा मंदावला की ऑक्सिजन परत येतो, किडे येतात आणि गाळ घुसळतात. आणि काळे-फिकट थर ग्रीनलंडच्या आलेखाशी उडीला उडी जुळतात. तिकडं उबदार काळ तर इकडं काळा पट्टेरी गाळ. तिकडं हिमनगांचा लोंढा तर इकडं फिकट. मेघालयातल्या मॉवम्लूह गुहेच्या चुनखडीतही यंगर ड्रायसच्या वेळचा दुबळा पावसाळा दिसतो. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांसाठी अरबी समुद्राचा असा गाळ हा नेहमीचा कच्चा माल आहे.

जुळण्याचं कारण आज बऱ्यापैकी कळतं. उत्तर अटलांटिक गारठला की उत्तर गोलार्ध दक्षिणेच्या मानानं थंड पडतो, आणि विषुववृत्तालगतचा पावसाचा पट्टा गरम बाजूला, म्हणजे दक्षिणेकडं सरकतो. आशियाचा पावसाळा दुबळा होतो. ब्रोकर उतारवयात याच प्रश्नाकडं वळले. २०१३ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी ॲरन पटनम यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात जुन्या काळातल्या या सरकण्यावरून पुढचा अंदाज बांधला: उत्तर गोलार्ध दक्षिणेपेक्षा लवकर तापतोय, म्हणजे हा पट्टा आता उत्तरेला सरकू पाहील. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळं भारतातला पावसाळा या शतकात वाढेल असं प्रारूपंही सांगतात. अटलांटिकमधली उलाढाल मंदावली तर तिची ओढ नेमकी उलट, दक्षिणेकडं. दोन्ही ताण एकाच पट्ट्यावर आहेत, आणि कोणता किती जोरात ओढेल यावर प्रारूपांचं अजून एकमत नाही.